लीलाबाईंचा बाहेरचा कुकर

आमच्या घरात ‘बाहेरचं’ म्हणजे काय, हे नव्या माणसाला आधी समजावून सांगावं लागतं. बाहेरचं म्हणजे हॉटेलातलं नव्हे. बाहेरचं म्हणजे मटण, चिकन, मासे, अंडी. माझ्या सासूबाई, लीलाबाई, यातलं एकही नाव तोंडाने घेत नाहीत. घरामागे अंगणात टिनाचं शेड आहे. तिथे विटांची चूल, दोन काळी पातेली, एक पळी आणि चार स्टीलच्या ताटल्या असतात. ताटल्यांच्या काठावर खिळ्याने फुली मारलेली आहे. फुलीची ताटली चुकून स्वयंपाकघरात आली, तर सासूबाई ती चिमट्याने उचलून शेडात नेऊन ठेवतात आणि मग तो चिमटाही राखेने घासतात.

त्यांचं माहेर तिवस्याजवळच्या एका खेड्यातलं. वडील बोट धरून गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात न्यायचे, तेव्हापासून संध्याकाळची प्रार्थना त्यांनी चुकवलेली मला माहीत नाही. ताप असला तरी भिंतीला टेकून बसतील, पण बसतील. आणि मी अकोल्याची, ज्या घरात मटणाशिवायचा रविवार म्हणजे उपास समजत, त्या घरातली. एकवीस वर्षांपूर्वी बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत लग्न होऊन आले, तेव्हा सासूबाईंनी मला शेड दाखवलं आणि म्हणाल्या, “तुले जे खाचं ते खाय. पन इथं.” भांडण नाही, टोमणा नाही. नियम सांगितला आणि पोळ्या लाटायला आत गेल्या.

मला राग यायचा तो त्यांच्या या शांतपणाचा. समोरचा ओरडला तर मलाही ओरडता येतं, आणि ते मला चांगलं जमतं. आचल, माझी मुलगी, डिसेंबरात झाली. सव्वा महिन्याने डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात काही नाही तुमच्या, पायाचं सूप प्या. गजेंद्रने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, शेडातल्या चुलीवर सूप केलं आणि मी ओली बाळंतीण जानेवारीच्या थंडीत गोधडी पांघरून त्या टिनाखाली बसून ते प्यायले. सासूबाई मागच्या दारात बाळाला घेऊन उभ्या होत्या. मला आत ये म्हणाल्या नाहीत. तशा त्यांनी डिंकाचे लाडू केले, शेक दिला, रात्ररात्र बाळ सांभाळलं. पण ती थंडी माझ्या मनातून गेली नाही. गजेंद्र म्हणतो, माझी स्मरणशक्ती फक्त सासरच्या चुकांपुरती चालते. चालू दे.

आता आचल वीस वर्षांची आहे आणि तिला पोलीस व्हायचं आहे. मागच्या भरतीत आठशे मीटरच्या धावण्यात ती शेवटच्या वळणावर खाली बसली. उठून धावली, पण साडेतीन मिनिटं लागली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मैदानावर शिकवणारे भगवंत सर म्हणाले, “गोळ्या ठीक आहेत. पण सरावानंतर तासाभरात हिच्या पोटात दमदार काहीतरी पाहिजे. चिकनचे ब्रेस्ट पीस उकडून द्या. तेल नको, रस्सा नको. तीन मिनिटांच्या आत आली तर पोरगी भरतीत निघून जाईल.” आचलने घरी येऊन सांगितलं की यंदा तीन मिनिटांच्या आत नाही आले तर मी हे सोडून देणार. ती उगाच बोलणाऱ्यातली नाही. त्या बाबतीत आजीवर गेली आहे.

गजेंद्र रेल्वेत पाळीवर जातो. मी अकोल्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला, रोज सकाळची गाडी. म्हणून गजेंद्रने इलेक्ट्रिक प्रेशर कुकर आणला. जुन्या बाजारातून एक छोटा फ्रीज आणला, कारण घरातल्या फ्रीजमध्ये बाहेरचं ठेवायचा प्रश्नच नव्हता. दोन्ही शेडात. खिडकीतून वायर सोडली. रविवारी आठवड्याचे पीस आणून बर्फात टाकायचे आणि आचलने मैदानावरून आल्यावर तसेच कुकरमध्ये लावायचे, वितळवायची भानगड नाही, असा बेत.

बेत कागदावर छान होता. आचल नऊला यायची, तेव्हा तिच्यात कुकरचं झाकण उचलण्याइतकाही जीव नसायचा. बर्फाचं चिकन शिजायला पाऊण तास. तेवढ्यात ती चहात दोन टोस बुडवून बुटांसकट झोपून जायची. आठ दिवस कुकर नुसता बसून होता. मी चिडले. माझं चिडणं म्हणजे भांडी आपटणं. सासूबाई तूर निवडत बसल्या होत्या, त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुपात पाहिलं.

दुसऱ्या दिवशी गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडे असताना माझा फोन वाजला.

“पौर्णिमा, हे यंत्र शिटी काहून देऊन नाई राह्यलं?” सासूबाईंचा आवाज.

“कोणतं यंत्र?”

“बाहेरचं.”

मी जागेवरून उठलेच. “आई, तुम्ही कुकर लावला?”

“मी नाई तं कोन लावन? पोरगी टोस खाऊन झोपते. मले काय दिसत नाई?”

माझ्या शेजारी जहाँआरा बसली होती. ती अकोल्याला उर्दू शाळेत शिकवते, बारा वर्षं आम्ही एकाच बाकावर जातो. माझ्या घरातलं सगळं तिला माहीत आहे, फुलीच्या ताटल्यांसकट. तिने कान जवळ आणला.

“चिकन कसं टाकलं?” मी विचारलं.

“चिमट्यानं. थैली उलटी केली. एक गोटाच व्हता बरफाचा, तसाच पडला.”

“सब चिपके हुए डाले,” जहाँआरा कपाळाला हात लावून म्हणाली. “अंदर तक नहीं पकेगा, खाला को बोलो.”

“आई, त्याला शिटी नसते,” मी म्हटलं. “आधी बर्फ तापायला वेळ लागतो. मग बारीक पिन वर येते, मग आकडा चालू होतो.”

“आकडा तं दिसलाच नाई. वीस मिनिटं वाट पाह्यली, मंग बटन बंद केलं. फुटलं-बिटलं तं.”

“बंद कायले केलं?” हे मी इतक्या जोरात म्हटलं की पलीकडच्या बाकावरचे लोक वळून पाहू लागले. सासूबाईंनी फोन ठेवला.

नऊला आचल आली. झाकण उघडलं, गोळा कापला, तर वरून पांढरा आणि आत गुलाबी, मधोमध चक्क बर्फ. तिने हसत हसत मला फोन केला. “आई, आजीनं आइस्क्रीम केलं.” तिने ते खाल्लं नाही, तेवढी अक्कल आहे तिला. पण संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा सासूबाई प्रार्थनेच्या आधीच आसनावर जाऊन बसल्या होत्या. आचलने मला हळूच सांगितलं की कुकर लावल्यावर आजीने नळाच्या गार पाण्याने पुन्हा अंघोळ केली, लुगडं बदललं, आणि दिवसभर जेवली नाही.

“पोरीनं कच्चं खाल्लं असतं तं?” सासूबाई म्हणाल्या.

“नाही खाल्लं ना, आई.”

“पन खाल्लं असतं तं.”

मला वाटलं, संपलं. आता त्या शेडाकडे फिरकणार नाहीत, आणि पोरीच्या नशिबी टोसच. सकाळी गाडीत ओरडल्याबद्दल मला वाईट वाटत होतं, पण ते म्हणायची मला सवय नाही. मी भाजी फोडणीला टाकली. प्रार्थना संपवून त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “रविवारी शिकव मले. बराबर शिकव. टेलिफोनवर नको.”

रविवारी शेडात शिकवणी झाली. मी प्रयोगशाळेतली, सगळं लिहून भिंतीला चिकटवायची मला खोड. जहाँआराने सांगितल्याप्रमाणे पीस आधी ताटलीत सुटे सुटे मांडून बर्फात ठेवायचे, गोठले की मगच थैलीत भरायचे, म्हणजे चिकटत नाहीत. भांड्यात एक पेला पाणी. त्यावर जाळी. जाळीवर तीन पीस, शेजारी शेजारी, एकावर एक नाहीत. बारा मिनिटांचं बटन. शिजल्यावर दहा मिनिटं हात लावायचा नाही, पिन आपोआप खाली बसली की झाकण काढायचं.

सासूबाई कंबरेवर हात ठेवून ऐकत होत्या. “पानी तं बुडन इतकं नाईच.”

“बुडवायचं नाही. वाफेवर होतं. फुणक्यांसारखं.”

त्यांचा चेहराच उजळला. तुरीच्या डाळीचे फुणके त्यांच्या हातचे खाल्ले की दुसऱ्या कुणाचे गळ्याखाली उतरत नाहीत. “मंग असं सांग ना. इतका कागद कायले लिहिला? फुणका झाला का नाई ते काडी टोचून समजते. याचं कसं?”

“सर्वांत जाड पीस मधून कापायचा. आत गुलाबी दिसता कामा नये, पाणी स्वच्छ निघालं पाहिजे.”

पहिल्यांदा आचलने कापलं आणि सासूबाईंनी मान फिरवली. मग काय वाटलं कोण जाणे, पदराने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि वाकून नीट पाहिलं. “हं. पांढरं हाये.” मी विचारलं, मीठ-मिऱ्याचं कसं करणार, तुम्ही तर चाखणार नाही.

“नैवेद्य का मी चाखून करतो?” त्या म्हणाल्या.

कुठे नैवेद्य आणि कुठे हे. माझ्या ओठांवर आलं होतं, पण त्यांच्याही लक्षात आलं असावं. म्हणाल्या, “हात तं तोच हाये ना.”

तेव्हापासून आमच्या घरात सकाळी काय चालायचं, ते मी सुट्टीच्या दिवशी पाहिलं आहे. सव्वाआठला त्या शेडात जाणार. चिमट्याने तीन पीस उचलून जाळीवर मांडणार, वरून हळद, मीठ, कुटलेले मिरे भुरभुरणार. बटन दाबणार आणि पिन वर येईपर्यंत कंबरेवर हात ठेवून कुकरसमोर उभ्या राहणार. त्यांचा आकड्यावर विश्वास नाही. पिन वर आली की हात राखेने घासून आत येऊन पोळ्या लाटायला घेणार. अकरा पोळ्या झाल्या की बारा मिनिटं होतात, हे त्यांचं गणित, आणि कुकरचं टूं-टूं अकरावी पोळी तव्यावर असतानाच वाजायचं. पिन खाली बसायच्या वेळात अंघोळ. नऊच्या ठोक्याला फुलीच्या ताटलीत पीस, वर कोबीचं पान झाकलेलं. आचल शेडात स्टुलावर बसून खायची आणि सासूबाई मागच्या दारात पाठमोऱ्या उभ्या असायच्या. खाणं पाहायचं नाही, पण ताटली रिकामी झाल्याशिवाय हलायचंही नाही. मी आचलला विचारायचे, मीठ कसं असतं गं? रोज एकच उत्तर, बरोब्बर. एकदाही कमीजास्त नाही.

पहिल्या गुरुवारी मी आचलला बजावून गेले होते की आज काही मागू नकोस. गुरुवारी आमच्याकडे शेडातसुद्धा चूल पेटत नाही. संध्याकाळी आले तर फुलीची ताटली धुऊन पालथी घातलेली. मी सासूबाईंकडे पाहिलं.

“मैदानाले गुरुवार नसते,” त्या म्हणाल्या.

खरं सांगते, मला हेवा वाटला. माझ्या वेळी गुरुवार होता, सोमवार होता, एकादशी, चतुर्थी, सगळं पंचांग होतं. रात्री मी गजेंद्रला म्हटलं, “तुझ्या आईले नातीसाठी सूट आहे. सुनेसाठी कधी नव्हती.” गजेंद्रने कूस बदलली. आमच्या आणि सासूबाईंच्या खोलीमधली भिंत पातळ आहे, हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

डिसेंबरात त्यांनी मोझरीला जायचं ठरवलं होतं. माहेरच्या दोघी बहिणी येणार होत्या, चार दिवस आश्रमात राहायचं होतं. ऐन वेळी त्यांनी गुडघा दुखतो म्हणून कळवलं. गुडघा दुखत नव्हता, मी त्यांना त्याच सकाळी पाण्याची बादली उचलताना पाहिलं होतं. मी सरळ विचारलं.

“चार दिवस पोरीनं काय टोस खावं?” त्या म्हणाल्या. मग पोळीचं पीठ मळत राहिल्या. पिठावर पाण्याचा हबका मारून म्हणाल्या, “अन् तिथं जाऊन हात जोडाचे, तं हात कोनते घेऊन जाऊ? कोनी इचारत नाई तिथं. पन मीच मले इचारतो ना.”

 मी त्यांच्या हातातली परात ओढून घेतली आणि उरलेलं पीठ मीच मळलं. तेवढंच सुचलं.

मैदानी चाचणी जानेवारीत अकोल्याला होती. सकाळी सातला हजेरी, म्हणून गजेंद्रने मित्राची गाडी मागून आणली आणि आम्ही पहाटेच निघालो. सासूबाई येणार हे त्यांनी स्वतःच ठरवलं, विचारलं नाही. त्या कधीच्या उठून कुकर लावून बसल्या होत्या. स्टीलचा नवा डबा, त्यावर खिळ्याने ताजी फुली, डबा टॉवेलात गुंडाळलेला. मी म्हटलं, द्या माझ्याकडे. त्यांनी दिला नाही. ज्या बाईने एकवीस वर्षांत बाहेरचं चिमट्याने उचललं, ती पावणेदोन तास तो डबा मांडीवर घेऊन बसली होती.

पोलीस मैदानाच्या फाटकात फक्त मुलींना सोडत होते. आईबाप बाहेर, भिंतीच्या कडेने वर्तमानपत्रं अंथरून बसलेले. आचल एक केळं खाऊन आत गेली. जाताना आजीच्या पाया पडली, माझ्या पडायची विसरली. गजेंद्र गाडी लावायला लांब गेला. वारा असा सुटला होता की माझे दात वाजत होते, आणि शाल मी घाईत घरीच विसरले होते. सासूबाई मांडीवर डबा धरून फाटकाकडे पाहत बसल्या. आतून शिट्ट्या ऐकू यायच्या. प्रत्येक शिट्टीला त्यांचे ओठ हलायचे.

साडेआठच्या सुमारास आचल बाहेर आली. केस कपाळाला चिकटलेले, श्वास अजून लागलेला. गोळाफेक व्हायची होती, मध्ये वीस मिनिटं सोडलं होतं.

“दोन चोपन्न,” ती म्हणाली.

सासूबाईंना कळलं नाही. “म्हंजे?”

“तीनच्या आत, आजी. सहा सेकंद आत.”

मी रडले. मला लाज वाटत नाही सांगायला. सासूबाई रडल्या नाहीत, त्यांनी डबा उघडला. “खाय आंधी.” आचलने उभ्या उभ्या एक पीस खाल्ला, माझ्याकडे एकदा पाहिलं, अर्धी बाटली पाणी प्यायली आणि म्हणाली, “बस, आजी, गोळा फेकायचा आहे, पोट जड होईल.” आणि पळाली.

डब्यात दोन पीस उरले. सासूबाईंनी डबा माझ्यापुढे धरला.

“तू खाय.”

“इथं?”

“मंग कुठं?” त्यांनी अंगावरची शाल काढली आणि माझ्या खांद्यांवर टाकली. मी नको म्हणायला लागले तर हाताने दाबून धरली. “त्या साली तुले शेडात बसवलं व्हतं. असाच वारा व्हता. मी दारात उभी व्हतो, आतल्या अंगानं. मले थंडी लागलीच नाई, मंग समजन कशी?” शाल माझ्या गळ्याशी नीट ओढली. “आज मीबी बाहेरच बसलो तुयासंग. खाय.”

वीस वर्षं मी हे वाक्य ऐकायची वाट पाहत होते, आणि त्याला द्यायची चार-पाच झणझणीत उत्तरंही तयार करून ठेवली होती.  मी पीस उचलून घास घेतला.

खारट होतं. नुसतं खारट नाही, जिभेला चटका बसेल इतकं. पहाटे त्यांचा हात दोनदा फिरला असणार. तीन महिन्यांत एकदाही न चुकलेला हात त्या दिवशी चुकला होता. आचलने अर्धी बाटली का रिकामी केली ते मला तेव्हा कळलं.

सासूबाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. आजवर त्यांनी हे कधीच विचारलं नव्हतं.

“मीठ बराबर हाये ना?”

“बरोबर आहे, आई,” मी म्हटलं. दोन्ही पीस संपवले, आणि पाण्याची बाटली बराच वेळ मागितली नाही.